दिव्याच्या मानेवरची तारीख

वजीहाने दोन एलईडी बल्ब दोन तळहातांवर घेतले, तराजूसारखे हात वरखाली केले आणि डावा बल्ब गिऱ्हाइकापुढे सरकवला.

"हा घ्या, उस्ताद. आत अ‍ॅल्युमिनियम आहे, म्हणून जड. हा दुसरा बघा, लग्नातल्या नवरदेवासारखा. वरून चकचकीत, आत पोकळ. पहिल्या उन्हाळ्यात काळा पडतो."

उस्ताद इद्रीस हसले नाहीत. भूगोलाचे निवृत्त मास्तर. मोसुलच्या या बाजारात त्यांच्या हाताखालून न गेलेला दुकानदार विरळा.

"सरकारी वीज अंगावर धावून येते, जनरेटरची लंगडत येते. दोन्ही सोसेल?"

"माझ्यापेक्षा जास्त सोसेल."

वजीहाला गिऱ्हाइकं पाठ होती. आधी भाव विचारणारा शेवटी महाग माल नेतो. आधी गॅरंटी विचारणारा उद्या भांडायला येतो. मास्तरांनी दोन्ही विचारलं नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना बल्ब काढून काउंटरवर ठेवला.

"मला असे पाहिजेत. मी स्वतः घेतलेले सगळे गेले, हाज्जा. असे चार मात्र आठ वर्षं हूं की चूं न करता चालतायत."

कंपनी बघायला तिने बल्ब फिरवला. पांढऱ्या मानेवर काळ्या मार्करने तारीख होती. अकरा फेब्रुवारी, दोन हजार पंधरा. तारखेखाली रेघ, आणि रेघेचं शेपूट गळासारखं वर वळलेलं.

बाजाराची रीतच होती ती. दुकानदार बल्ब लावून दाखवतो, मानेवर तारीख घालतो. वर्षाच्या आत गेला तर बदलून देतो. वजीहाचा नवरा ज़नून तर घरच्या बल्बांवरही तारीख घालायचा. "उद्या तूच भांडायला आलीस तर?" म्हणायचा.

पण ज़नूनला शहर बळकावलेल्या काळ्या झेंडेवाल्यांनी या दुकानातून, मालाच्या एका पेटीसकट, नेलं होतं नऊ फेब्रुवारीला. आणि ही तारीख अकराची होती.

"हा कुठला?"

"माझ्याच घरातला. आम्ही एर्बिलला पळालो, तेव्हा ते लोक आमच्या घरात राहिले. परत आलो तर दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या. दिवे होते." मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काय झालं?"

"बाकीचे तीन कुठे आहेत?"

"दोन वर. एक तळघरात."

तिने दुकानाचं शटर खाली ओढलं. भर दुपारी.

येत्या रविवारी कोर्टात ज़नूनला मेला म्हणून लिहिणार होते. आठ वर्षं वजीहाने ते अडवून धरलं होतं. आता अर्ज तिच्या दिराचा, फतहीचा होता. न्यायाधीश वयस्क आणि सभ्य. म्हणाले, हाज्जा, मरणाची तारीख काहीतरी घालावीच लागते. दुसरं काही लेखी आणलंत तर ते घालू, नाहीतर नऊ फेब्रुवारी. भानगड होती ती सासऱ्यांची. घर त्यांच्या नावावर होतं, आणि ज़नूनला नेलं त्याच वर्षी अठरा एप्रिलला म्हातारा गेला. मुलगा बापाच्या आधी गेला असेल, तर घरात सुनेला काही नाही. बापाच्या नंतर गेला असेल, तर मुलाचा वाटा आणि त्यातून सुनेचा. मग वरच्या मजल्यावरून तिला कोणी उठवू शकत नाही. वजीहाला मूल नव्हतं. फतहीला चार मुलगे होते आणि दोघांची लग्नं जागेपायी अडली होती.

तिने फतहीला फोन केला. लपवून ठेवता आलं असतं, पण लपवलेल्या कागदाला कोर्टात कोण विचारतो? विरोधी पार्टीच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

तो कामावरचा सदरा घालूनच आला. "बरं केलंत, वहिनी. एकट्या गेला असतात तर मागल्या शुक्रवारची तारीख घेऊन आला असतात."

"तुझ्यासारखी नाही मी. तुला तर भावाला जन्मण्याआधीच मारायचं असेल."

मास्तर दोघांच्या मध्ये चालत होते. त्यांनी न ऐकल्यासारखं दाखवलं.

घर नदीपासून तिसऱ्या गल्लीत होतं. बैठकीतला बल्ब मास्तरांनी खुर्चीवर चढून काढून दिला. बारा फेब्रुवारी. स्वयंपाकघरातला चौदा. तीच रेघ, तोच गळ. फतहीने तो बल्ब हातात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"त्याचंच अक्षर. शाळेत मी याची नक्कल करून गृहपाठ द्यायचो."

"मला ठाऊक होतं," मास्तर म्हणाले.

"तरी नापास केलंत."

"उत्तरंही त्याचीच होती ना."

एवढ्यावर तिघेही हसले.

म्हणजे ते त्याच्याकडून काम करून घेत होते. म्हणजे पाच दिवस तरी ज़नून या घरात चालत होता, स्टुलावर चढत होता, टोपण दातात धरून मार्कर चालवत होता. वजीहाच्या छातीत काहीतरी उभं राहिलं, आणि तिला स्वतःची थोडी लाजही वाटली, कारण त्या उभ्या राहिलेल्या गोष्टीच्या हातात दिनदर्शिका होती. एक बल्ब उरला होता. एप्रिल संपू दे, ती मनात म्हणाली. मे असू दे. जून असेल तर वकीलसुद्धा लागणार नाही.

"तळघरात मी फारसा जात नाही," मास्तर शिडी आणताना म्हणाले. "बायको तर नाहीच. तीन वेळा चुना मारला."

पायऱ्या उतरताना गारवा घोट्यांपासून वर चढत गेला. बटण दाबल्यावर उंच कमानीच्या पोटातला बल्ब लागला. आठ वर्षांचा, तरी निर्मळ पांढरा, जराही न थरथरणारा. इतकं स्वच्छ दिसायला नको होतं. भिंतीत लोखंडी कड्या होत्या. एका ओळीत सात, सगळ्या गुडघ्याच्या उंचीवर.

"जनावरांच्या का?" फतहीने विचारलं.

"आमच्याकडे कधी जनावरं नव्हती," मास्तर म्हणाले. "काढायला गेलो तर दगड सुटून येतो. म्हणून राहिल्या."

वजीहा कड्यांकडे बघत राहिली. कडी एवढी खाली असेल तर माणसाला उभं राहता येत नाही. नीट आडवंही होता येत नाही. चुन्याखाली प्रत्येक कडीच्या वर भिंत माणसाच्या पाठीएवढी काळपट होती.

जून मागणारी वजीहा तिथे उभ्या उभ्या एकेक महिना परत करू लागली. जून नको. मे नको. एप्रिल तर मुळीच नको. चौदाच असू दे, देवा. त्याहून अलीकडची असेल तर तीही चालेल.

तिचे गुडघे शिडीचे नव्हते. फतही चढला. त्याने रुमालाने बल्ब धरून फिरवला, आणि तळघर बुडालं. मग त्याच्या फोनचा उजेड लागला, त्याच्या छातीशी, त्याच्याच हातांच्या ओंजळीत. खालून फक्त त्याची पाठ दिसत होती.

वजीहा वाट बघत राहिली. दिवस, महिना, वर्ष. वाचायला किती वेळ लागतो? वरची प्रत्येक तारीख त्याने एका श्वासात वाचली होती. मग त्याने फोनचा उजेड विझवला.

"काय आहे?" मास्तरांनी अंधारात विचारलं.

"चौदा," फतही म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "चौदा फेब्रुवारीच. वरच्यासारखीच. एकाच दिवशी लावले असणार त्याने."

चौदा. म्हणजे घर गेलं. म्हणजे पाच दिवस, फक्त पाच.

"नीट वाचलंस?"

"वाचलं, वहिनी."

कापडाची सळसळ झाली. बल्ब सदऱ्याच्या खिशात गेल्याची. आता तिने हात वर करून "दे इकडे" म्हणायचं होतं. बाजारात तीस वर्षं काढलेली बाई दुसऱ्याच्या तोंडची तारीख घेत नाही, आणि हे फतहीलाही माहीत होतं. तो वर थांबून राहिला होता. तिच्या हाताचीच वाट बघत असावा. पण चौदा तर तिनेच मागितली होती.

वजीहाने पिशवीत चाचपून दुकानातून आणलेला जड बल्ब काढला, खोकं फाडलं आणि अंधारात वर धरला.

"हा लाव," ती म्हणाली. "मास्तरांना किती वेळ अंधारात उभं करशील?"

वरून एक हात आला, तिची बोटं शोधत. तो ओला होता. होल्डरमध्ये आटे फिरल्याचा आवाज झाला आणि उजेड पडला. फतही मात्र भिंतीकडे तोंड करून तसाच शिडीवर राहिला. साठीला टेकलेला माणूस. त्याचे खांदे हलत होते.

ती शिडीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"सावकाश उतर," ती म्हणाली. "मी धरलीय."