वामनरावांच्या मापाची सीट

"सरक नं अजून पुढं," वामनराव म्हणाले.

"अजून सरकली तं काच फोडून बाहीर पडीन मी," वच्छलाबाई म्हणाल्या आणि पाठीमागची वाकळेची गुंडाळी त्यांनी कोपराने आत दाबली. वाकळेमागे एक उशी, उशीमागे वामनरावांचा जुना कोट. एवढा पसारा पाठीशी घेऊन बाई सीटच्या अगदी काठावर टेकल्या होत्या आणि चवड्याने ब्रेक चाचपत होत्या. अख्खं पाऊल काही त्यावर बसत नव्हतं.

डाव्या सीटवर वामनराव काठी गुडघ्यांत धरून बसले होते. मागे वांग्यांच्या कॅरेटला खेटून शेजारच्या पुष्पाबाई होत्या. त्यांना मेहकरला लेकीकडे जायचं होतं. बाई स्वभावाने चांगल्या, पण तोंडाला कुलूप नाही.

"काहो भाऊजी, ते सीट पुढं घेता येत नाई का?"

"बोल्ट मारेल हाय त्याले."

"मंग काढा नं बाप्पा तो बोल्ट!"

"रेल सडेल हाय खालून. हात लावला का तुटून हातात येईन. तुमी नीट बसा, वांगे चेंगरू नका."

आता यात खोटं काही नव्हतं. सीट जिच्यावर सरकते ती रेल सडलेलीच होती. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते कारण वच्छलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्या गप्प होत्या. चार वेळा विचारून झालं होतं. पाचव्यांदा विचारलं की नवरा दोन दिवस जेवणावर राग काढतो हेही ठाऊक होतं.

गाडी बावीस वर्षांची. डोणगावात कोणाची बाईल अडली, कोणाला साप चावला, कोणाची लेक सासरी निघाली, की पहिली हाक वामनरावांना. सहा फुटांचा माणूस, पाय लांबलचक. बारा वर्षांपूर्वी सीटचा लॉक झिजला, ब्रेक मारला की सीट पुढे-मागे पळायला लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच रेलला भोक पाडलं आणि सीट आपल्या मापाला बोल्टने जाम करून टाकली. दुसरं कोणी ही गाडी चालवेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करत राहा, पाहू. त्या एका 'पाहू'वर हा माणूस दोन वर्षं तगून होता. घरातली गाडी दारात सडू द्यायची नाही म्हणून बावन्नाव्या वर्षी वच्छलाबाई गाडी शिकल्या, हरभरा काढलेल्या रिकाम्या वावरात. अर्धं गाव बांधावर उभं राहून हसलं. बाईंनी हसणाऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. लायसन काढलं, आणि दर मंगळवारी वांगी बाजारात आणि नवरा व्यायामाला अशा दोन खेपा एकाच फेरीत उरकू लागल्या.

पण बोल्ट काही निघाला नाही. बोल्ट काढायचा म्हणजे सीट पुढे घ्यायची. सीट पुढे घ्यायची म्हणजे वामनराव आता कधीच चालवणार नाहीत, असं चारचौघांत कबूल करायचं. आणि ते कबूल करायला वामनराव तयार नव्हते, मग बायकोचा पाय ब्रेकला पुरो की न पुरो. वाईट वाटतं म्हणायला, पण होतं ते असं होतं.

मेहकर तीनेक किलोमीटर राहिलं असेल. नाल्यावरचा पूल ओलांडला की पुढे चढ लागतो. त्या चढावर सोयाबीनची पोती लादलेला एक ट्रॅक्टर मधोमध अडकून पडला होता. वच्छलाबाईंनी गाडी उभी केली, न्यूट्रल केली आणि ब्रेक दाबून धरला. मागे एक मोटरसायकल येऊन थांबली. तिच्यावर नवरा-बायको, बायकोच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं लेकरू.

"घट्ट दाब," वामनराव म्हणाले. "चढ हाय."

"दाबूनच राह्यली नं मी."

पाय पुरत नाही तिथे माणूस पाठीने जोर लावतो. बाईंनी पाठ वाकळेला रेटली आणि चवड्याने ब्रेक आणखी दाबला. सगळा भार सीटवर आला. खालून कट्कन आवाज झाला, बारा वर्षांचा बोल्ट तुटला, आणि सीट बाईंना घेऊन सरळ मागे गेली. वाकळ बाजूला पडली, बाई उताण्या झाल्या, दोन्ही पाय अधांतरी. ब्रेक सुटला. गाडी मागे घरंगळायला लागली.

"अवं माय वं!" पुष्पाबाई ओरडल्या. "मागं लेकरू हाय! मागं लेकरू हाय वं!"

वामनरावांनी डाव्या हाताने हँडब्रेक खेचला. तो नुसताच वर आला. त्याची केबल सैल पडून वर्ष झालं होतं, आणि ती आवळायची कोणाला आठवण होती? मग त्यांनी पाय मारला. बाजूला बसलेला माणूससुद्धा घाबरला की उगाच खाली पाय दाबतो, तसा. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाचा तर आपोआपच जायला हवा. वामनरावांनी सगळा जीव गोळा करून उजवा पाय दाबला.

पाय हलला नाही. बोटसुद्धा हललं नाही. गाडी मागे चालली होती आणि पाय मात्र दुसऱ्या कोणाचा असावा तसा तिथेच पडून होता.

तेवढ्यात वच्छलाबाई सीटवरून खाली घसरल्या. घसरल्या कसल्या, त्यांनी स्वतःला खाली लोटून दिलं. लुगडं कशात अडकलं, कपाळ स्टिअरिंगवर आपटलं, पण त्या पार खाली गेल्या आणि दोन्ही टाचांनी ब्रेकवर उभ्या राहिल्यासारख्या दाबून बसल्या. समोरचं काही दिसत नव्हतं, मागचं तर नाहीच. गाडी थांबली.

मोटरसायकल रस्त्यावर आडवी पडली होती. नवरा एकीकडे उडी मारून उभा, बायको कडेच्या गवतात बसलेली, लेकरू छातीशी. ते लेकरू जागंसुद्धा झालं नव्हतं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, दुसरं काय म्हणायचं?

तो तरुण शिव्या देतच आला. खिडकीतून आत पाहिलं, तर म्हातारी बाई स्टिअरिंगखाली दुमडलेली आणि कपाळाला रक्त. त्याच्या शिव्या तोंडातच राहिल्या.

"काकू, लागलं का हो?"

"तुह्या लेकराले लागलं का, ते सांग आधी," वच्छलाबाई खालूनच म्हणाल्या. "लागलं नाई नं? मंग चाकाले गोटा लाव. माह्ये पाय भरून आले."

प्रसेनजितचं गॅरेज मेहकरच्या वेशीवरच होतं. फोन केल्यावर तो आला, वांग्यांचं कॅरेट सीटच्या मागे ठोकून बसवलं आणि गाडी स्वतः चालवत गॅरेजात नेली. पुष्पाबाई तिथून ऑटोने लेकीकडे गेल्या. जाताना आयुष्यात पहिल्यांदाच त्या काही बोलल्या नाहीत.

प्रसेनजित गाडीखाली शिरला आणि थोड्या वेळाने तोंडाला ग्रीस माखून बाहेर आला.

"काका, रेल खल्लास हाय. या मॉडेलचं सामान यायचं बंद होऊन जमाना झाला. पत्रा बी गंजला. दुसरा इलाज नाई, सीट एका जागी वेल्डिंग मारून फिक्स करून टाकतो. पण मंग ते कायमचं. पुढं-मागं काही होणार नाई."

"बरं," वामनराव म्हणाले.

प्रसेनजितने खिशातून खडू काढला. हा पोरगा वामनरावांना उस्ताद मानायचा. गाडी कशी ऐकायची ते त्यांच्याकडूनच शिकलेला. त्याने विचारलंसुद्धा नाही. सीट मागे ढकलली आणि जुन्या भोकाच्या जागी, वामनरावांच्या मापाला, खडूची रेघ मारली.

"इथंच नं, काका?"

वच्छलाबाई पाण्याच्या पिंपाशी कपाळ धूत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "हाव, तिथंच. त्यायच्याच मापाची ठेव. त्यायचा पाय बरा झाला का त्यायले लागन. मी काय, घेईन अजून एक उशी."

पदराने त्या कपाळ टिपत होत्या आणि पदराला रक्त लागत होतं. अर्ध्या तासापूर्वी ही बाई मरता मरता वाचली होती, एका लेकराला वाचवून आली होती, आणि आता म्हणत होती, अजून एक उशी घेईन. वामनरावांना कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. दोन वर्षं आपण हिला कशावर बसवून ठेवलं, हे त्यांना एकदम कळलं आणि लाजेने त्यांचे कान तापले.

"नाई," ते म्हणाले. "वच्छला, इकडं ये. बस गाडीत."

"आता कुठं जायचं हाय?"

"बस म्हणतो नं."

बाई सीटवर बसल्या. वामनरावांनी काठी दाराला टेकवली, डाव्या हाताने दाराची चौकट धरली आणि हळूहळू खाली बसले. बसले म्हणजे शेवटी पडलेच, ग्रीसने काळ्या झालेल्या जमिनीवर. प्रसेनजित धावला, त्याला त्यांनी मान हलवून थांबवलं. मग आत वाकून त्यांनी डाव्या हाताने बायकोची चप्पल काढली आणि तिची टाच तळहातावर घेतली.

वच्छलाबाईंनी पाय ओढला. "अहो! पाय काऊन धरता माहा? माणसं पाहून राह्यले!"

"पाहू दे."

"पाप लावता मले?"

"मापाचं काम हाय. हलू नको." त्यांनी टाच सोडली नाही. चढावर ब्रेकला घासून ती टाच सोलवटली होती. त्यांनी अख्खं पाऊल ब्रेकवर ठेवलं. "प्रसेनजित, सीट पुढं लोट. अजून. अजून थोडी. हं. वच्छला, दाब आता."

बाईंनी दाबला.

"पाठ टेकली का पुरी?"

"टेकली."

"गुडघा ताठला तं नाई?"

"नाई. अहो, पण तुमाले मंग..."

"पुन्हा दाब."

त्यांनी तीनदा दाबायला लावलं, तिन्ही वेळा हाताने चाचपून पाहिलं. मग खडू मागितला. डाव्या हाताने रेघ वाकडी आली. त्यांनी ती बोटाने पुसली आणि पुन्हा ओढली.

"इथं मार," ते प्रसेनजितला म्हणाले. "चारी बाजूनं मार. हलली नाई पायजे."

प्रसेनजितने ओलं पोतं सीटवर टाकलं, बॅटरीची वायर काढली आणि तोंडासमोर काच धरली. वच्छलाबाई उतरून बाजूला झाल्या. ठिणग्या उडायला लागल्या तशी त्यांनी वामनरावांच्या डोळ्यांपुढे पदर धरला. वेल्डिंगकडे पाहू नये, डोळे जातात. पदराआड ते रडत होते, आणि बाईंनी काम संपल्यावरही पदर जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"झालं, काका," प्रसेनजित म्हणाला. "आता हत्ती बसला तरी हलत नाई."

वामनरावांनी बाहीने तोंड पुसलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता मले उठवा कोणीतरी."