महाराजांची पिवळी रोपं

गुरुवारी लोणी काळभोरला दत्तप्रसाद महाराजांच्या दारात चपला काढायला जागा नसायची. काविळीचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, मगरपट्ट्याच्या आयटी कंपन्यांतली, गळ्यात आयकार्ड अडकवलेली पोरं. सगळ्यांचे डोळे आतल्या बंद खोलीकडे.

महाराज आतून कापडात गुंडाळलेली वाटी आणायचे, पेशंटच्या कपाळाला लावायचे, मंत्र पुटपुटायचे. कापड काढलं की आत भाताची कोवळी रोपं. हळदीसारखी पिवळी. कावीळ रोपात उतरली! बायका तिथंच हात जोडायच्या.

मग महाराज सांगायचे, "बॉडीतला व्हायरस रोपात डाउनलोड झालाय. घरी न्या, तुळशीपाशी उन्हात ठेवा. रोप हिरवं झालं की व्हायरस डिलीट. मग दवाखान्यात जायचं नाही. गेलात तर विधी उलटतो."

आणि रोप खरंच हिरवं व्हायचं.

खरं सांगतो, मी जळायचो. हा दत्त्या आणि मी स्वारगेटजवळच्या एकाच कॉम्प्युटर क्लासला होतो. मी क्लास अर्ध्यात सोडला, बाकीचं जुनी पुस्तकं वाचून आणि नेट कॅफेत बसून शिकलो. त्याला तेव्हा साधी फाइल सेव्ह करता येत नव्हती. आता तो महाराज, दारात पांढरी स्कॉर्पिओ. मी पुण्यात भातावर संशोधन करणाऱ्या एका लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. रोज डाउनलोड मी करतो, माझ्या पाया कोणी पडत नाही.

त्यात माझी आई, वेणूबाई, त्याच्या पाया पडली.

तिचे डोळे पिवळे झालेले, अंगाला खाज, मधूनच थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सोनोग्राफी करा, पित्ताच्या नळीत खडा असेल तर उशीर जिवावर बेतेल. आईनं दत्त्याची वाटी आणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोपं हिरवी. झालं, सोनोग्राफी रद्द. मी भांडलो तर म्हणाली, "त्याच्या हाताला गुण हाय, सोनू. तू काय, कॉम्प्युटर पुसतोस."

आमच्या लॅबमध्ये आम्रपाली आहे, नागपूरची, पीएचडी करते. तिच्यावरही मी जळायचो. स्कॉलरशिप, जपानची कॉन्फरन्स, सगळं तिलाच. काचघरात तिच्या ट्रेमध्ये हिरव्या रोपांत मधेच काही पांढरीफटक दिसली. मी विचारलं, यांना काय झालं?

ती म्हणाली, "भाताच्या जनुकांमध्ये डीएनएचा एक परका तुकडा घुसवायचा. तो ज्या जनुकात घुसेल ते बंद पडतं. मग रोपाचं काय बिघडलं ते बघायचं. हे पांढरं राहिलं, म्हणजे बंद पडलेलं जनुक बहुतेक हिरव्या रंगाच्या कामाचं."

मी म्हणालो, प्रोग्रामिंग मी असंच शिकलो. एक ओळ बंद करायची आणि काय मोडतं ते बघायचं. "अगदी तेच," ती म्हणाली. मला बरं वाटलं. मग आठवलं, याच कामासाठी ती जपानला जाणार आणि मी तिचं तिकीट प्रिंट करणार.

तरी आईचं तिलाच सांगितलं. पांढरी रोपं दे, दत्त्याला म्हणतो कर हिरवी. तिनं साफ नाही म्हटलं, ती काचघराबाहेर न्यायची नसतात.

"रोप कशाला नेतोस? पद्धत ने. त्याच्या विधीतलं एकेक काढून बघ. एकदा मंत्र काढ, एकदा ऊन काढ."

मी बियाण्याच्या दुकानातून साधं भाताचं बी आणलं. मातीत पेरून कॉम्प्युटरच्या रिकाम्या कॅबिनेटमध्ये ठेवलं, फटींना काळी चिकटपट्टी लावली. आठवड्यात रोपं आली. दत्त्याच्या रोपांइतकीच पिवळी.

तोवर आईच्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरला नाही म्हणून दत्त्यानं तिला दुसरी वाटी दिली. मी तिच्याकडं एकच मागितलं. यातली अर्धी रोपं स्टीलच्या डब्याखाली ठेवू, मंत्र तर त्यांच्यावरही झालाय. आणि शेजारी उन्हात माझी, बिनमंत्राची. आई चिडली, पण डबा तिनंच आणून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनंच तो उचलला. खालची मंत्राची रोपं पिवळीच. उन्हातली बाकीची अर्धी आणि माझी, दोन्ही हिरवी. मी सांगितलं, अंधारात वाढलं की रोप पिवळं येतं, उजेड मिळाला की हिरवं होतं. म्हणून त्याची खोली कायम बंद.

आईनं डबा बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "मग माझी कावीळ कुठं गेली?"

"कुठंच नाही, आई."

त्याच संध्याकाळी रिक्षा केली. खडाच होता. डॉक्टरांनी दुर्बिणीनं काढला, म्हणाले, आणखी थांबला असतात तर अवघड होतं.

बरी झाल्यावर तिनं माझ्याकडून पुन्हा रोपं लावून घेतली, पुन्हा अर्ध्यांवर डबा घातला, आणि गुरुवारी सगळं उचलून भर गर्दीत दत्त्यासमोर मांडलं, काय केलं ते सांगितलं. तो म्हणाला, "माउली, श्रद्धा कमी पडली."

"तुमच्या वाटीवर डबा घातला तवा श्रद्धा डब्याखाली बी हुती, महाराज. ऊन तेवढं नव्हतं."

एक आयकार्डवाला हसला आणि त्यानं उठून खोलीचं दार ढकललं. आत फळ्यांवर ट्रेच ट्रे, सगळे पिवळे. निम्मी गर्दी पांगली. निम्मी बसून राहिली.

बसलेल्यांना एवढंच सांगतो. बऱ्याच काविळी आराम केला की आपोआप उतरतात, आणि श्रेय वाटीला जातं. ज्यांची उतरत नाही ते परत येऊन सांगत नाहीत.

गावात म्हणतात, सोन्यानं जळून केलं. खरंय, जळूनच केलं. आणि आई सगळ्यांना सांगते की आम्रपालीनं वाचवलं, त्यावरही जळतो. पण रोपं माझ्या मनात काय आहे ते बघून पिवळी राहिली नाहीत. तुम्ही प्रेमानं करा, रागानं करा, पण एकेक गोष्ट काढून बघा. आणि डोळे पिवळे दिसले तर आधी डॉक्टर गाठा, बघणं नंतर.