लुटीशाची दुसरी सही

१९६४ सालची गोष्ट. अलाबामातल्या आमच्या गावी, चर्चच्या तळघरात मतदार नोंदणीचा वर्ग मीच घ्यायचे. काळ्यांच्या शाळेत बावीस वर्षं शिकवलेलं, राज्यघटना तोंडपाठ. धाकटी बहीण लुटीशा गोऱ्यांकडे कपडे धुवायची. अक्षरं जुळवायला शिकली तीही माझ्याच हाताखाली.

काळ्यांना मतदार व्हायचं तर कचेरीत लेखी परीक्षा द्यावी लागायची; दोघी एकाच दिवशी तिला बसलो. महिन्याने पत्रं आली. निकाल गोऱ्या कारकुनाच्या लहरीवर. मी नापास. लुटीशा पास!

रविवारी सगळं चर्च तिच्याभोवती. मी मागच्या बाकावर पंख्याने वारा घेत बसले.

"मास्तरीणबाई, शिष्या पुढे गेली की!" शेजारची बर्नीस म्हणाली. मी हसले, पण आतून जळत होते.

मतदार झाल्याचं कळताच मालकिणीने लुटीशाला कामावरून काढलं. ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पुन्हा परीक्षेला बसायचं तर 'या बाईला मी ओळखतो' अशी सही करणारा यादीतला मतदार जामीन हवा, आणि एका मतदाराला वर्षात दोनच सह्या. गोरे काही राहणार नाहीत, पहिल्या खेपेचा आमचा म्हातारा जामीन वारलेला; गावात आमच्यातली मतदार आता एकटी लुटीशा. एक सही तिने म्हाताऱ्या सुईणीला दिली होती.

मी तिच्याकडे गेले. ती अंगणात घरच्याच चादरी पिळत होती.

"दुसरी सही कुणाला देणार?"

"बर्नीसचा नवरा मागतोय."

"मग दे त्याला."

"ताई, तुला हवीय का?"

"मला कशाला?"

"बरं." ती पुन्हा पिळायला लागली.

फाटकापर्यंत जाऊन मी थांबले. "लुटीशा, हवीय मला."

"काय? ऐकू नाही आलं."

"सही हवीय म्हटलं! जामीन राहा मला!"

"अगं बाई! पोरांना हात वर करायला लावायचीस, स्वतःचा वर करायला एवढा उशीर?" ती हसत सुटली. मग ओल्या हातांनीच तिने मला जवळ घेतलं.

कचेरीत कारकुनाने तिला विचारलं, "या बाईला ओळखतेस?"

"हो साहेब. मला वाचायला हिनेच शिकवलं," ती म्हणाली आणि सावकाश, एकेक अक्षर काढत तिने सही केली.

या खेपेला मी पास झाले. रविवारी पाद्रीबाबांनी माझं नाव पुकारलं, आणि लगेच म्हणाले, "लुटीशाच्या सहीमुळे!" मला पुन्हा झोंबलं. तरी तिचा हात धरूनच मी पुढे गेले.