डोक्यावरचं ताट

माझी सून अनुया दर शनिवारी संध्याकाळी एक देश शिजवायची.

२००६ साली मी तीन महिने मुलाकडे, प्रबोधकडे, परदेशात वुडलँड्सला राहिलो, तेव्हाची गोष्ट. प्रबोध तुआसच्या एका कारखान्यात इंजिनियर. त्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशेजारी जगाचा नकाशा लावलेला होता. सात वर्षांची नात एकता डोळे मिटून त्यावर बोट ठेवायची. बोट समुद्रात पडलं तर पुन्हा. ज्या देशावर पडेल त्या देशाचं जेवण, चर्चमधल्या कुणाकडून तरी शिकलेलं त्या भाषेतलं प्रार्थनेचं एक वाक्य, आणि मग तिथल्या मुलांसाठी एकतानं आपल्या शब्दांत केलेली प्रार्थना.

"देव फक्त आपल्याच ब्लॉकमध्ये राहतो असं तिला वाटायला नको," असं अनुयाचं म्हणणं.

मी चाळीस वर्षं नगरच्या एका साप्ताहिकात लोकांच्या टोप्या उडवल्या होत्या. निवृत्त झालो तरी हात शिवशिवायचे. इथिओपियाच्या दिवशी ताटात आपली आंबोळी आली. "हिला पासपोर्ट कधी मिळाला?" मी विचारलं. जपानच्या दिवशी सगळे खाली बसून जेवलो. "म्हणजे आम्ही नगरला जन्मभर जपानीच होतो. कुणी सांगितलं नाही इतकंच."

"बाबा, जेवा आता," अनुया हसून म्हणायची.

एकता हसायची नाही. ती डोळे घट्ट मिटून पेरूतल्या मुलांच्या सर्दीबद्दल देवाशी बोलत असायची.

मी परत निघायच्या आदल्या शनिवारसाठी तिनं नकाशावर बोट ठेवलंच नाही. "धिस वीक आजोबांचं नगर," म्हणाली. आणि गुरुवारी वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसली.

"आजोबा, तुम्ही स्मॉल होता तेव्हा जेवायच्या आधी प्रेयर कशी करायचे?"

खरं उत्तर माझ्याकडे होतं. माझी आई भाकरीचं पीठ मळायला घेण्याआधी त्यातलं मूठभर बाजूच्या डब्यात टाकायची. "हे ज्याच्या घरी आज नाही त्याचं," एवढंच म्हणायची. तीच तिची प्रार्थना. रविवारी तो डबा चर्चमध्ये जायचा. पण खरं उत्तर देताना आवाज कापतो, आणि मला कापऱ्या आवाजाची सवय नव्हती.

म्हणून मी चेहरा सरळ ठेवून सांगितलं, "आम्ही रिकामं ताट डोक्यावर ठेवून उभे राहायचो. हात न लावता. प्रार्थना संपेपर्यंत ज्याचं ताट पडलं नाही, त्याची देवानं ऐकली."

"आणि पडलं तर?"

"तर नाही ऐकली. ठेचाही नाही."

तिनं सगळं शाईनं लिहून घेतलं. ताटाचं चित्रसुद्धा काढलं. 'गंमत केली गं' म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर ती स्वयंपाकघरात सरावाला पळाली होती. म्हटलं, शनिवारी सांगू. घरचीच तर माणसं.

शनिवारी दार उघडलं तर संडे स्कूलच्या मिसेस लिम दारात, सोबत त्यांचे यजमान आणि दोन मुली. अनुयानं खास बोलावलं होतं. बाजरीची भाकरी, भरीत, ठेचा टेबलावर आलं. एकतानं प्रत्येकाच्या हातात स्टीलचं ताट दिलं आणि इंग्रजीतून नगरची रीत समजावली.

कुणीही हसलं नाही. मिसेस लिम यांनी चष्मा काढून ठेवला, ताट डोक्यावर घेतलं आणि मान ताठ केली. त्यांच्या यजमानांनीही. प्रबोधनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातचं जेवण दहा वर्षं खाल्लं होतं. मग त्यानंही ताट डोक्यावर ठेवलं. शेवटी मीही ठेवलं. दुसरं काय करणार?

एकतानं मराठीत प्रार्थना पाठ केली होती. "देवबाप्पा, आजोबा उद्या विमानात बसणार. त्यांना सांभाळ. त्यांना परत आण..." इथं तिची मान जरा खाली गेली आणि ताट खाडकन फरशीवर पडलं. गोल गोल फिरत राहिलं.

ती पांढरीफटक पडली. "आजोबा, नाही ऐकली?"

सात माणसं माझ्याकडे बघत होती. एका वाक्याचं काम होतं.

"पडताना आवाज झाला ना," मी म्हणालो, "मग दुप्पट ऐकली."

तिचा चेहरा खुलला, तिनं ते पाहुण्यांना इंग्रजीतून सांगितलं. मिसेस लिम यांनीही लगेच ताट खाली टाकलं, दोन्ही मुलींनी टाकलं. नगरची रीत माझ्या देखत वाढत होती.

पाहुणे गेल्यावर प्रबोध ताटं घासत होता. पाठमोराच म्हणाला, "आजी मूठ काढायची. मला वाटलं, बाबा तेच सांगतील. मला ते नीट सांगता येत नाही. तुम्हीच सांगायला हवं होतं."

सकाळी, टॅक्सी यायच्या आधी, मी एकताला जवळ बसवलं. ताटाची थाप होती हे सांगितलं. मग पीठ, डबा, आई, सगळं सांगितलं. आवाज कापायचा तेवढा कापला.

तिनं माझा चेहरा नीट तपासला, माझ्या ओठांचे कोपरे विशेष. "धिस वन ऑल्सो जोक, आह?"

"नाही गं. हे खरं."

"तेव्हापण तुम्ही असाच फेस केला होता."

"तेव्हा खोटा होता."

"मग माझी प्रेयर? दुप्पट? तीपण जोक?"

"ती त्यानं ऐकली. तेवढीच, पण ऐकली."

तिनं वही आणली. ताटाचं पान तसंच ठेवलं. शाईचं खोडता येत नाही, म्हणाली. पुढच्या पानावर माझ्या आईची मूठ लिहायला घेतली, आणि कंपासपेटीतून पेन्सिल काढली.

"पेन घे की," मी म्हणालो.

"पप्पांना विचारते फर्स्ट, आजोबा. देन पेन."