ऐकवणी

किरगिझ गावातल्या शाळेत, मोठ्यांच्या रशियनच्या तासाला सैराकानने फळ्यावर 'माझं कुटुंब' असं लिहिलं आणि खडू खाली ठेवायच्या आतच तळहाताने पुसून टाकलं. मग 'पुढच्या महिन्यात मी कुठे जाणार' असं लिहिलं. तेही पुसलं. शेवटी 'हवामान' एवढंच लिहून ती वर्गाकडे वळली.

"बाई, आज फळा धुवायचा तास आहे का?" मागच्या बाकावरून कानिशाय म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

एरवी कानिशायच्या टोमण्याला वर्ग खदखदून हसायचा. आज सगळ्यांनी वह्यांत डोकी खुपसली. पहिल्या बाकावरची बुरुल तेवढी हसली. बासष्ट वर्षांची ही बाई सात वर्षांच्या पोरांसाठी केलेल्या बाकात गुडघे तिरके करून बसली होती, आणि या खोलीत तिच्याएवढं मन लावून शिकणारं दुसरं कुणी नव्हतं. वर्गातल्या नऊ जणांना जे ठाऊक होतं ते तिला ठाऊक नाही, अशी त्या नऊ जणांची समजूत होती. सैराकानचीही तीच होती.

सकाळीच बुरुलचा धाकटा दीर इशेनबाय सैराकानच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. घोड्यावरून उतरलासुद्धा नाही. रशियातल्या ओम्स्कहून बुरुलच्या मुलाच्या, मेदेरच्या, सोबत्याचा फोन आला होता. मेदेर बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला होता. शुक्रवारी त्याला घेऊन येतील. लेना, त्याची रशियन बायको, बुरुलच्या नातीला, छोट्या दाशाला, घेऊन बरोबर येते आहे.

"तू तास बंद ठेवलास तर वहिनीला संशय येईल," इशेनबाय म्हणाला. "नेहमीसारखं शिकव. तिची लेक आज संध्याकाळपर्यंत बिश्केकहून पोचते. उद्या पहाटे मी ऐकवीन."

सैराकानने मान डोलावली. मरणाची बातमी कुणीही उठून, तोंडाला येईल तशी सांगत नाही. घरातला जाणता माणूस ती ऐकवतो. सगे गोळा होतात, ज्याला ऐकवायचं त्याला मधे बसवतात, आणि जाणता माणूस दुरून, अगदी दुरून सुरुवात करतो. तोवर अख्ख्या गावाने तोंड शिवून बसायचं. हा रिवाज सैराकानला लहानपणापासून ठाऊक होता आणि त्यात तिला कधी काही खटकलं नव्हतं. आज खटकलं, कारण तोंड शिवून शिकवता येत नाही.

त्यातून तिचा स्वतःचाच एक नियम होता, आणि त्याचा तिला भारी अभिमान. या खोलीत खोटं वाक्य बोलायचं नाही. पुस्तकात लिहिलेलं असायचं, 'मी इंजिनिअर आहे, मला संगीत आवडतं.' गावात ना इंजिनिअर होता ना संगीताला कुणाला सवड. सैराकानने पहिल्याच दिवशी पुस्तक मिटून ठेवलं होतं. स्वतःचं सांगा, ती म्हणायची, जीभ आपोआप वळते. मग कानिशाय म्हणायची, 'माझी सासू लवकर झोपत नाही,' आणि बुरुल म्हणायची, 'माझ्याकडे अकरा मेंढ्या आहेत. एक लंगडी आहे. ती सगळ्यात आधी खाते.' तालुक्याच्या शाळातपासनिसाने एकदा येऊन नाक मुरडलं होतं. सैराकानने त्यालाही उभं करून खरं वाक्य बोलायला लावलं. तो म्हणाला, 'मला भूक लागली आहे.'

बाकीचे रशियाला कामाला जायचं म्हणून शिकत होते. बुरुलला कुठेच जायचं नव्हतं. शरद संपता संपता ती आली आणि दारातच म्हणाली होती, "नात फोनवर चिवचिव करते आणि मी नुसती मान डोलावते. फोनवर मान दिसतही नाही तिला."

ती सगळ्यांत मंद होती. समोरून रशियन वाक्य आलं की घाबरून हात वर करायची, गाय अंगावर आल्यासारखी. तिच्यासाठी म्हणून सैराकानने एक युक्ती काढली होती. घाबरायचं नाही. अख्खं वाक्य पकडायला धावायचं नाही. आधी कोण ते पकडायचं, मग त्याचं काय झालं ते पकडायचं. बाकीचं आपल्या पायांनी येतं. बुरुल घरी जाताना वाटेवर स्वतःशीच पुटपुटायची, कोण, काय झालं, कोण, काय झालं.

आज सैराकानने कपाटातून पुस्तक काढलं. पान उघडून ती वाचू लागली, "आज थंडी आहे. आकाश ढगाळ आहे. म्हणा."

वर्गाने म्हटलं. एवढ्या आज्ञाधारकपणे हा वर्ग कधी काही म्हणत नसे.

"हे पुस्तकातलं कशाला, बाई?" बुरुल म्हणाली. "तुमचाच नियम ना?"

"आज जरा पुस्तक बघू या, आपा."

"खिडकीबाहेर ऊन पडलंय," बुरुल म्हणाली. "ढगाळ कुठे आहे?"

कुणीतरी खोकलं. सैराकानने पुस्तक मिटलं. दुसरं काही सुचेना. "बरं, तुम्ही सांगा. काल तुमच्याकडे कसं होतं?"

बुरुल बाकाच्या कडेला धरून उठली. तिने डोळे मिटले, नेहमी मिटायची तसे, आणि सावकाश, एकेक रशियन शब्द ठेवत म्हणाली, "काल सकाळी बर्फ पडत होता. मी मेंढ्यांना गवत घातलं. माझे हात गार पडले होते. माझा फोन वाजला."

ती खाली बसली.

"छान," सैराकान म्हणाली. "एकही चूक नाही."

कानिशायने रुमालात तोंड खुपसलं आणि सर्दीचं काहीतरी बोलत ती बाहेर गेली. तास संपायला वीस मिनिटं होती. सैराकानने शेगडीतला कोळसा संपलाय असं सांगून वर्ग सोडला. कोळशाची बादली अर्धी भरलेली सगळ्यांना दिसत होती. सगळे उठले, बुरुलला वाकून "येतो, आपा" म्हणत निघून गेले.

बुरुल उठली नाही. तिने वही पिशवीत भरली, पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"माझा फोन काल दुपारी दुरुस्तीला नेला," ती म्हणाली. "इशेनबायची पोरगी घेऊन गेली. फोनला काही झालेलं नव्हतं."

सैराकानने फळ्यावरचं 'हवामान' पुसायला घेतलं.

"माझी लेक येतेय म्हणे आज. सहज. भर हिवाळ्यात डोलोनची खिंड ओलांडून सहज कोण येतं, बाई? आणि इशेनबाय दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नाहीये. तबेल्यात घोड्यासमोर उभा राहून पुटपुटतो. शब्द जुळवतोय बिचारा."

"आपा, मी..."

"त्यांनी दुपारी नेला फोन. लेनाचा सकाळी आला होता. तिला काय ठाऊक आपला रिवाज? तिने आपला सासूला फोन केला."

आणि लेना जे म्हणाली ते बुरुलने म्हणून दाखवलं. ते मात्र रशियनमध्ये, लेनाच्याच शब्दांत, लेनाने जिथे श्वास घेतला असेल तिथे थांबत. मेदेर पडला. वरून पडला. मेदेर आता नाही. वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं म्हटलं. आपल्या भाषेतला एक शब्द त्यात आला नाही.

 सैराकान समोरच्या बाकात बसली. तिचेही गुडघे तिरके झाले.

"ती रडत होती, घाईघाईने बोलत होती," बुरुल आता पुन्हा किरगिझमध्ये बोलू लागली. "मी घाबरले नाही. तुम्ही सांगितलं तसंच केलं. आधी कोण ते पकडलं. मग काय झालं ते पकडलं. आणि बाकीचं सगळं मागून आलं. सगळं, बाई. एक शब्द अडला नाही." तिने पिशवीची गाठ सोडली. "मला आनंद झाला."

"काय?"

"समजलं म्हणून. एवढं मोठं, एवढं भराभर बोललेलं, पहिल्यांदा माझं मला समजलं. छाती भरून आली. मनात आलं, बुधवारी बाईंना सांगायला पाहिजे." बुरुलने सैराकानकडे पाहिलं. "क्षणभरच. पण झाला. कुठल्या आईला होतो?"

शाळेच्या मैदानात कुणाची तरी गाय हंबरत होती. सैराकानने आजवर तीन शाळांत शिकवलं होतं, मार खाल्लेल्या पोरांना जवळ घेतलं होतं, नापास झालेल्यांना समजावलं होतं. पण या बाईला काय म्हणायचं ते तिला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. तिच्या मनात एवढंच येत होतं की हे मी शिकवलं. वर्गातल्या सगळ्यांत मंद बाईला मी शिकवून तयार केलं, आणि ती अशी पास झाली. तिला स्वतःचा संताप आला, आणि संतापाने काहीच होत नाही याचं रडू आलं.

"तुम्ही रडू नका," बुरुल म्हणाली. "मलाच येत नाहीये. तेच सांगायला थांबले. कालपासून एक टिपूस नाही. रात्री मुद्दाम त्याचा लहानपणीचा सदरा काढून बसले. नाही. कांदा चिरला, तर नुसतं नाक वाहिलं. मला सगळं माहीत आहे, कुठे पडला, कसा पडला, कधी आणणार. पण ते माझं नाहीच असं वाटतंय. दुसऱ्या कुणाच्या मुलाचं आहे, मी नुसतं समजून घेतलंय."

"होतं असं, आपा."

"होत नाही. मी माझ्या नवऱ्याच्या वेळी अंगण दणाणून सोडलं होतं." तिने पिशवी मांडीवर घेतली. "उद्या सगळं गाव येईल. इशेनबाय ऐकवेल. मी रडले नाही तर लोक म्हणतील ही बाई की दगड. ते म्हणू देत. पण मला आधीच कळलं होतं हे इशेनबायला कळलं तर तो खचेल. मेदेरला त्याने घोड्यावर बसायला शिकवलंय. त्याचं एवढं एक काम राहिलंय, ते त्याला करू दे. तुम्ही माझ्या शेजारी बसा. मी गप्प राहिले तर चिमटा काढा."

"आपा!"

"जोरात काढा. बाहीच्या आतून, कोपराशी. ओरडले की पुढचं मी बघते."

सैराकानने डोळे पुसले. "काढीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच बुरुलच्या घरात माणसं भरली. पुरुष भिंतीला धरून उभे, बायका गाद्यांवर दाटीने बसलेल्या. कानिशाय दाराशी होती. बुरुलची लेक आईच्या उजव्या अंगाला बसली होती आणि तिचा खालचा ओठ दातांखाली होता. डाव्या अंगाला सैराकान बसली. गडबडीत उठवल्याचं सोंग बुरुलने बऱ्यापैकी केलं होतं. रुमाल तिरका बांधला होता, आणि "काय झालं, एवढे सगळे कशाला?" हे तिने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा जरा जास्तच झालं, असं सैराकानला वाटलं.

इशेनबाय तिच्या समोर गुडघे टेकून बसला. डोक्यावर ठेवणीतली पांढरी टोपी होती. त्याने दुरून सुरुवात केली. पूर्वीच्या कुणा थोर माणसाच्या कळपाची गोष्ट सांगितली, त्या कळपातल्या उमद्या शिंगराची. हाताला सरावलेला ससाणा एका सकाळी कसा परत आला नाही ते सांगितलं. दोन दिवस घोड्यासमोर घोकलेलं त्याला पाठ होतं, आणि ते खरोखर सुंदर होतं. बुरुल त्याच्या तोंडाकडे बघत होती, पहिल्या बाकावरून फळ्याकडे बघायची तशी. सैराकानने दोन बोटं तिच्या बाहीत घातली.

"तसाच, वहिनी," इशेनबाय म्हणाला, "तुझा मेदेर आपल्याला सोडून गेला."

 बुरुल हलली नाही. सैराकानने बोटं आवळायला घेतली.

"काय म्हणालास?" बुरुल म्हणाली.

सैराकानची बोटं थांबली. हा प्रश्न तिने आयुष्यात हजारो वेळा ऐकला होता. कुणी वेळ काढायला विचारतं, कुणी लक्ष नव्हतं म्हणून विचारतं, कुणी बाईला खूश करायला. आणि कुणाला खरंच समजलेलं नसतं. यातला फरक तिला झोपेतही कळला असता. बुरुलचं हे सोंग नव्हतं.

इशेनबायकडे याच्या पुढचे शब्द नव्हते. त्याने तयारी इथपर्यंतच केली होती. टोपी काढून त्याने हातात चुरगाळली आणि लहान पोरासारखा म्हणाला, "मेदेर गेला गं वहिनी. आपला मेदेर गेला."

बुरुल त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडातून जो आवाज आला त्याने दाराशी उभे असलेले पुरुष मागे सरले. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले, पुन्हा आपटले. लेक तिच्या गळ्यात पडली. बायकांनी एकदम आक्रोश केला, बाहेर अंगणात पुरुषांनी केला, आणि त्या सगळ्या कल्लोळात बुरुलने चाचपडत सैराकानचा हात शोधला आणि मोडेल एवढा घट्ट धरला.

"बाई," ती म्हणाली. तिचा चेहरा डोळ्यांच्या पाण्याने माखला होता. "बाई, ऐकलंत का? माझा मेदेर गेला म्हणतोय हा."

"हो, आपा," सैराकान म्हणाली. "ऐकलं."