तीन वाट्या

मेट्रो नुकतीच नोएडापर्यंत पोचली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. तिथल्या काचेच्या इमारतींत शनिवार-रविवार हॅकेथॉन भरायची. चौघांनी मिळून दोन दिवसांत फोनवर चालणारं काहीतरी नवं घडवायचं. संपदाच्या गटाने म्हाताऱ्या माणसांना औषधांची आठवण करून देणारं ॲप घेतलं. पडद्यावर काय कुठे दिसेल, ते ठरवण्याचं काम तिचं.

युक्ती मात्र चंद्रप्रभामावशीची. पहाडगंजात एकटी राहणाऱ्या मावशीच्या ओट्यावर तीन वाट्या असत, सकाळ, दुपार, रात्र. गोळी घेतली की त्या वाटीत एक चिंचोका. संपदाने त्याच वाट्या पडद्यावर काढल्या. मग मावशीच्या हाती फोन देऊन बोट कुठे अडतं त्याचा व्हिडिओ घेतला.

"हात थरथरतो गं," मावशी म्हणाली होती. "कोणाला दाखवू नकोस. ऑफिसात तीस वर्षं माझ्या अक्षराचं नाव होतं."

"बिल्कुल नाही, मावशी. बटण केवढं हवं, तेवढंच बघायचंय."

तो व्हिडिओ तिने गटातल्या एकट्या अंशुमनला दिला, कारण बटणं तो बनवत होता.

रविवारी घरच्यांना बोलावणं होतं. मावशी ठेवणीतली चंदेरी नेसून पुढच्या रांगेत बसली. अंशुमन मंचावर चढला आणि भिंतीएवढ्या पडद्यावर मावशीचा हात आला. बोट वाटीवरून घसरलं, पुन्हा घसरलं, फोन मांडीवरून खाली पडला.

"ये हैं हमारी यूजर," अंशुमन म्हणाला. सभागृह हसलं. परीक्षकही हसले.

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं.

"चेहरा कुठे दाखवला, यार?" अंशुमन म्हणाला. "नुसता हात होता."

"कोणाचा, ते तिला कळलं ना."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि केस संपदानेच पुरवला होता.

संपदा मावशीला मेट्रोने घरी सोडायला गेली. दिल्लीत पन्नास वर्षं काढूनही आपल्या माणसांशी ती मराठीखेरीज बोलली नव्हती. दाराशी कुलपात किल्ली दोनदा चुकली. संपदाने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"मावशी, मी त्याला फक्त..."

"अच्छा, चलिए," मावशी म्हणाली, गल्लीतल्या परक्या बाईला म्हणावं तसं. "आपको देर हो रही है।"

दार लागलं. संपदा बाहेर उभी राहिली. आत एक चिंचोका फरशीवर पडून घरंगळला. बऱ्याच वेळाने दुसरा वाटीत पडला.