ब्रेकवरचा पाय

"आत्या, दाबा!"

पुढचं उजवं चाक काढलेल्या जागेत खांद्यापर्यंत शिरून आरतीनं पान्यावर अंग टाकलं. बोल्ट आवळायचा सोडून इंजिनच फिरलं. उघडी पडलेली ब्रेकची चकती नाकासमोर गर्रकन फिरली.

"बसलेय की बाई!" गाडीतून सासूबाई, बायडाबाई म्हणाल्या.

आरतीचा नवरा सहादेव भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात मेकॅनिक होता. आठ महिन्यांपूर्वी, एका रविवारी त्यानं अंगणात या गाडीची, इंजिनचा पट्टा फिरवणारी, तडकलेली पुली काढली, नवी आणून ठेवली आणि सोमवारी पहाटे झोपेतच गेला. त्यानं अर्धं टाकलेलं हे एकच काम. ते तसंच भंगारात जावं, हे आरतीला खपत नव्हतं. दीर मच्छिंद्र आज बाराला टेम्पो घेऊन येणार होता. "चालू झाली तर ठेवा वहिनी. न्हाईतर नेतो."

सकाळीच तिनं पुली इंजिनच्या दांड्यावर सरकवली होती; आता तिचा बोल्ट आवळताना इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून कुणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा होता. बघून बघून तेवढं येत होतं. वीस वर्षं ब्रेकवर पाय तिचा आणि पान्यावर हात त्याचे.

"सोडू नको गं," तो खालून म्हणायचा.

"भाजी करपतीय!"

"मी करपलो तरी सोडू नको."

"आत्या, आता जोरात!" तिनं पुन्हा पाना ओढला. चकती जागच्या जागी थांबली. बोल्ट कुरकुरत आवळला. आणखी दोन हिसके, की झालं.

"शाब्बास आत्या!" घाम पुसत ती उठली, खिडकीतून डोकावली. बायडाबाई दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर ऐसपैस मांडी घालून बसल्या होत्या.

"आत्या... ब्रेक?"

"मला काय ठावं? तू बस म्हनलीस, बसले. दाबा दाबा वरडत हुतीस, मला वाटलं गाडीशीच बोलतीयस. तो बी बोलायचा की."

"मग आत्ता धरला कोणी?"

बायडाबाईंनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग शेजारी कुणाला जागा करून द्यावी तशी मांडी आणखी आवळून घेतली.

आरती पुन्हा खाली शिरली. "अहो, सोडू नका," ती पुटपुटली आणि दोन हिसके मारले. चकती हलली नाही.

पट्टा चढला, चाक बसलं. पावणेबाराला मच्छिंद्र आला, तेव्हा गाडी धडधडत होती.

"वहिनी, हा बोल्ट एकट्याचं काम न्हाई. ब्रेक कुणी धरला?"

"घरातल्यांनी."

बायडाबाई पदर सावरत मागच्या सीटवर गेल्या. आरतीनं चपला बाहेर काढून ठेवल्या आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. लोक स्टेअरिंगला हात लावून नमस्कार करतात. ती कमरेत वाकली, ब्रेकच्या पायपट्टीला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

"काय हुडकताय वहिनी?"

"काही न्हाई, भावजी. टेम्पो बाजूला घ्या. गाडी काढते."